अरण्यातली शाळा कोणाची?

२०२५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी आगामी वर्षाचा अर्थसंकल्पीय प्रस्ताव मांडला. मूलभूत विज्ञानाला पैसा पुरविणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या संस्थेची तरतूद सुमारे ९ अब्ज डॉलरवरून ४ अब्ज डॉलरच्याही खाली आणावी, अशी सूचना त्यात होती. अध्यक्षांची सूचना आणि काँग्रेसची मंजुरी यांत पुष्कळ अंतर असते हे खरे. तथापि वॉशिंग्टनमधील एका कागदामुळे तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या मध्य अमेरिकेतील अरण्यात, गुडघाभर चिखल तुडवीत झाडांचे घेर मोजणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा यावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अरण्य एका देशाचे, त्यात शिकणारे विद्यार्थी दुसऱ्या देशाचे आणि शिकण्याचा खर्च कोठून यावयाचा याचा निर्णय तिसऱ्याच कोणाच्या हाती, अशी ही व्यवस्था गेली साठ वर्षे चालत आलेली आहे. तिने जगाला फार मोठे ज्ञान दिले. पण ती कोणाची, आणि कोणासाठी, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी कोस्टा रिकाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटरांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या एकषष्ठांशाहूनही थोडा लहान असा हा देश. १९४८ साली त्याने आपले सैन्यच बरखास्त केले. या देशाच्या ईशान्य भागात सारापिकी नदीच्या काठी ‘ला सेल्व्हा’ नावाचे संशोधन केंद्र आहे. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ ‘अरण्य’ असाच होतो. लेस्ली होल्ड्रिज या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात ही जागा घेतली आणि १९६८ साली ती ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज’ या संस्थेकडे आली. काही अमेरिकन विद्यापीठे आणि कोस्टा रिका विद्यापीठ यांनी मिळून १९६३ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. केंद्राच्या ताब्यातील सुमारे १,६०० हेक्टर अरण्यात वर्षाकाठी चार मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हापासून आजवर हजारो विद्यार्थी येथे येऊन राहिले, शिकले आणि आपापल्या देशी परतले. उष्ण कटिबंधातील परिस्थितिविज्ञानाचे आजचे अनेक नामवंत अध्यापक याच चिखलातून वर आलेले आहेत.

चिखलातले धडे

जे शास्त्र पुस्तकात आहे, ते शिकण्यासाठी अरण्यात जाऊन राहण्याची गरज काय, असे कोणी विचारील. परीक्षेपुरते शिकावयाचे असेल तर गरज नाही हेही खरे. पण पाने कापून नेणाऱ्या मुंग्यांची रांग पाहिल्यावर, या मुंग्या पाने खातात, असे कोणालाही वाटते. वस्तुतः त्या पाने खात नाहीत. वारुळात त्या पानांवर बुरशीची शेती करतात आणि त्या बुरशीवर आपल्या अळ्या पोसतात. तांबड्या अंगाचा, निळसर पायांचा, नखाएवढा विषारी बेडूक तेथे पायवाटेवर सहज दिसतो. त्याची मादी आपले एकेक पिल्लू पाठीवर घेऊन झाडावर चढते, बांडगुळासारख्या वाढणाऱ्या वनस्पतीच्या पानांच्या बेचक्यात साचलेल्या इवल्याशा पाण्यात ते सोडते, आणि पुढे कित्येक आठवडे पुनःपुन्हा तेथे जाऊन न फळलेली अंडी त्याला खाऊ घालते. हे सारे पुस्तकात दोन ओळींत संपते. अरण्यात ते पाहावयाचे, तर एकाच झाडाखाली पावसात तासन् तास उभे राहावे लागते. उभे राहण्याची ही सवय, हा या शिक्षणाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा याहून खोल आहे. संपूर्ण ब्रिटनमध्ये मूळच्या वृक्षजाती काही डझनांच्या पलीकडे जात नाहीत. उलट पनामातील एका अरण्यात अवघ्या ५० हेक्टरांत सुमारे ३०० जातींची झाडे नोंदली गेली आहेत. एवढ्या जाती शेजारी शेजारी नांदतात कशा? त्यांपैकी एखादी जोमदार जात बाकीच्यांना हुसकावून का लावीत नाही? डॅनिएल जान्झेन या शास्त्रज्ञाने १९७० साली याचे एक उत्तर सुचविले. ऑस्ट्रेलियातील वर्षावनात काम करणाऱ्या जोसेफ कॉनेल यांनीही दुसऱ्याच वर्षी स्वतंत्रपणे तोच विचार मांडला. प्रत्येक जातीचे खास शत्रू असतात, कीड असते, बुरशी असते. हे शत्रू आईच्या झाडाभोवती गोळा झालेले असल्याने तिच्या सावलीत पडलेले बी सहसा जगत नाही. दूर गेलेले बी जगते. आईजवळची जागा त्यामुळे दुसऱ्या जातीला मोकळी राहते आणि कोणा एकाचे राज्य होत नाही. ही कल्पना प्रयोगशाळेत बसून सुचली नाही. एकेका झाडाखाली वाकून, किडक्या आणि निरोगी बिया मोजणाऱ्याला ती सुचली. गेली पन्नासहून अधिक वर्षे अनेक देशांतील अरण्यांत ती तपासून पाहिली जात आहे.

उत्तरेची विद्यापीठे, दक्षिणेचे जंगल

आता मूळ प्रश्न. उष्ण कटिबंधातील अरण्याचे हे शास्त्र समशीतोष्ण देशांच्या विद्यापीठांत का वाढले? याचे उत्तर इतिहासात आहे. सजीवांच्या बहुसंख्य जाती विषुववृत्ताच्या आसपास राहतात. त्यांचा अभ्यास करणारी विद्यापीठे, ग्रंथालये, संग्रहालये आणि त्यांना लागणारा पैसा मात्र उत्तरेकडे एकवटला. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले, तेव्हा १९१३ नंतर गाटुन सरोवराचे पाणी वाढत गेले आणि एका टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. तेच बारो कोलोराडो हे सुमारे पंधरा चौरस किलोमीटरांचे बेट. १९२३ साली ते संशोधनासाठी राखून ठेवण्यात आले आणि १९४६ पासून अमेरिकेतील स्मिथसोनियन या संस्थेकडे ते आहे. कालवा ३१ डिसेंबर १९९९ रोजी पनामाच्या ताब्यात आला. बेटावरील संशोधनाची व्यवस्था मात्र पनामाशी झालेल्या करारान्वये स्मिथसोनियनकडेच राहिली. साम्राज्याच्या एका मोठ्या बांधकामातून विज्ञानाचे एक तीर्थस्थान निर्माण व्हावे, यातील विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. त्या विज्ञानाचे मोल तिच्यामुळे कमी होत नाही. पण ते विज्ञान कोणत्या वाटेने आले, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, ज्ञानाला देश नसतो. झाडाचे नाव अमेरिकन माणसाने शोधले काय किंवा कोस्टा रिकन माणसाने, नाव तेच. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. ज्ञान सर्वांचे असले, तरी ते मिळविण्याची साधने, त्यातून उभी राहणारी माणसे आणि त्याचा उपयोग ठरविण्याची सत्ता ही सर्वांची नसते. नमुने परदेशी संग्रहालयात, शोधनिबंध परक्या भाषेत, पदवी परक्या विद्यापीठाची आणि ज्या गावच्या माणसाने वाट दाखविली, सापापासून वाचविले, झाड ओळखून दिले, त्याचे नाव ऋणनिर्देशाच्या शेवटच्या ओळीत. असे जेथे घडते, तेथे अरण्य हे केवळ कच्च्या मालाचे कोठार ठरते. ला सेल्व्हाच्या संस्थेत कोस्टा रिका विद्यापीठ आरंभापासून भागीदार होते आणि तेथील काही अभ्यासक्रम स्पॅनिशमधूनही चालले, ही तिच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. पण भागीदारी समान असण्यासाठी दोघांची थैली थोडीफार सारखी असावी लागते.

जमाखर्चाची दुसरी बाजू

कोस्टा रिकाने हे ओळखले आणि १९८९ साली एक धाडसी प्रयोग केला. देशातील समग्र जीवजातींची नोंद करण्यासाठी ‘इनबिओ’ ही राष्ट्रीय जैवविविधता संस्था उभी राहिली. या कामासाठी पदवीधरांची वाट पाहिली गेली नाही. शेतमजूर, गृहिणी, वनरक्षक अशा खेड्यांतील माणसांना काही महिने शिक्षण देऊन कीटक आणि वनस्पती गोळा करण्याचे, मांडण्याचे, पहिली ओळख पटविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. ज्यांच्या दाराशी अरण्य होते, त्यांनाच त्याचे शिष्य आणि पुढे शिक्षक करण्याची ही कल्पना होती, आणि तिच्यामागे जान्झेन यांचाच मोठा हात होता. १९९१ साली ‘मर्क’ या औषध कंपनीशी करार झाला. अरण्यातील नमुने तपासण्याच्या मोबदल्यात कंपनीने दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि औषध निघाल्यास नफ्यातील वाटा देण्याचे मान्य केले. पुढच्याच वर्षी रिओ येथे जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. देशाच्या जीवसंपत्तीवर त्या देशाचा अधिकार असतो, हे तत्त्व त्यात मान्य झाले. २०१० च्या नागोया मसुद्याने लाभाच्या वाटणीचे नियमही घालून दिले.

या प्रयोगाचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. औषधांच्या उत्पन्नावर संस्था चालेल ही आशा फलद्रूप झाली नाही, बाहेरून येणारा पैसा आटत गेला, आणि २०१५ साली तीस लाखांहून अधिक नमुन्यांचा तो संग्रह संस्थेला राष्ट्रीय संग्रहालयाच्या स्वाधीन करावा लागला. माणसे शिकली होती, नोंदी झाल्या होत्या. तथापि संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहू शकली नाही. ज्ञान उभे करण्यास कल्पकता पुरते. ते टिकविण्यास दरवर्षीचा पगार लागतो. हा पगार दुसऱ्याच्या देणगीवर अवलंबून असेल, तर देणगीदाराचे मन फिरल्याबरोबर शाळेला कुलूप लागते. वॉशिंग्टनच्या २०२५ च्या प्रस्तावाने जी धास्ती निर्माण केली, तिचा हा पूर्वपाठ कोस्टा रिकाने दहा वर्षे आधीच गिरविला होता.

दुसरी एक गोष्ट विद्यार्थ्याला अरण्याच्या वाटेवर दिसते, पण त्याच्या अभ्यासक्रमात ती क्वचितच असते. सारापिकीच्या परिसरात केळीचे आणि अननसाचे मोठे मळे आहेत. शेजारच्या निकाराग्वातून आलेले पुष्कळ मजूर त्यांत राबतात. या मळ्यांतील माल परदेशी बाजारात जातो. अरण्यातील बेडकाचे रक्षण कसे करावे हे शिकण्यास जो देश आपली मुले धाडतो, त्याच देशाच्या न्याहारीच्या टेबलावर त्या अरण्याच्या सीमेवर पिकलेले फळ असते. विसाव्या शतकाच्या मध्यास कोस्टा रिकाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाच्छादित होता असे मानले जाते. १९८० नंतरच्या काही वर्षांत तो एकचतुर्थांशाच्या आसपास आला. गोमांसाच्या निर्यातीसाठी केलेली कुरणे, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पुढे देशाने दिशा बदलली. १९९६ च्या वनकायद्याने जंगल तोडून जमीन अन्य कामी लावण्यास बंदी केली आणि १९९७ पासून इंधनावरील कराच्या उत्पन्नातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला मिळू लागला. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा झाडांखाली आहे. हे परिवर्तन केवळ शास्त्रज्ञांनी घडविले नाही. गोमांसाचे भाव पडले, पर्यटन वाढले, सरकारने कर लावला. पण कोणते अरण्य कोणत्या अरण्याला जोडावे, हे सांगण्यास शास्त्रज्ञ हाताशी होते. ला सेल्व्हापासून सुमारे २,९०० मीटर उंचीच्या बार्वा ज्वालामुखीपर्यंत सलग अरण्याचा पट्टा १९८० नंतरच्या दशकात राखला गेला, तो त्यामुळेच.

मुक्कामाचे मोल

एका सत्रापुरते येणारे विद्यार्थी अरण्याला काय देतात, हा प्रश्न मग उरतोच. त्याचे उत्तर ला सेल्व्हाच्याच एका निष्कर्षात सापडते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पानगळीच्या थरात राहणाऱ्या तेथील बेडकांची संख्या १९७० पासूनच्या ३५ वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. हे अरण्य राखीव होते. तेथे कुऱ्हाड चालत नव्हती. तरीही आतून काही तरी ढासळत होते. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या मोजण्या एकत्र मांडल्या तेव्हाच ही घट नजरेस आली. एकट्या विद्यार्थ्याची मोजणी क्षुल्लक. पण एकाच जागी, एकाच पद्धतीने पिढ्यान् पिढ्या चाललेली मोजणी हा त्या अरण्याचा रोजमेळ असतो. तो रोजमेळ सांभाळणारी संस्था नसेल, तर आलेला प्रत्येक पाहुणा आपापली चिठ्ठी खिशात घालून निघून जातो.

मॉन्तेव्हेर्दे येथील सोनेरी भेकाची कथा हेच सांगते. सैन्य नसलेला देश म्हणून १९५१ साली अमेरिकेतून आलेल्या काही क्वेकर कुटुंबांनी या डोंगरावर वस्ती केली आणि पाण्यासाठी माथ्यावरचे ढगाळ अरण्य राखून ठेवले. जगात अन्यत्र कोठेही नसलेला एक सोनेरी भेक तेथे होता. १९८७ च्या हंगामात तो दीड हजारांहून अधिक संख्येने दिसला. १९८९ साली एकच दिसला, आणि त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. बुरशीजन्य रोग, कोरडे पडत चाललेले हवामान, अशा कारणांची चर्चा चालू आहे. पण तो गेला हे तरी जगाला कळले, ते तेथे वर्षानुवर्षे राहून मोजणारी माणसे होती म्हणून. मोजणारे कोणी नसलेल्या डोंगरांवरून किती जाती अशाच निघून गेल्या असतील, याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

आपल्या दाराशी

आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थी आज याच शास्त्रासाठी परदेशी जाऊ पाहतात. त्यांनी अवश्य जावे. पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डला गेले, १९६९ साली डॉक्टरेट मिळविली आणि १९७१ मध्ये परत आले. परतल्यावर त्यांनी वा. द. वर्तक यांच्यासमवेत सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. परदेशी शिकलेले गणित आणि गावकऱ्यांनी शतकानुशतके राखलेले रान यांची ती भेट होती. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील त्याच परंपरेतून १९८८ साली मुदुमलाईच्या अरण्यात ५० हेक्टरांचा कायमचा अभ्यासपट्टा आखला गेला. त्याचा नमुना बारो कोलोराडोचा, पण मोजणारी माणसे येथली. कर्नाटकातील आगुंबे येथे २००५ पासून वर्षावनाचे संशोधन केंद्र आहे. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असे मुळीच नाही. जमते, पण फार थोड्या ठिकाणी.

एरवी आपला अनुभव निराळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला; २००३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरवून दिला. विषय सक्तीचा झाला आणि सक्तीच्या विषयाचे जे व्हावयाचे तेच झाले. प्रकल्पाची वही एकाने लिहिली, चाळीस जणांनी उतरविली, आणि शिक्षकांनीही डोळे मिटून सही केली. यात एकट्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या वर्गात शंभर मुले आहेत, सहलीसाठी पैसा नाही आणि अपघात झाल्यास सारी जबाबदारी त्याच्याच माथी आहे, तो मुलांना रानात नेणार कसा? पण याच कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेक महाविद्यालयांपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर देवराया आहेत. त्यांतील एखादी एकेका महाविद्यालयाने गावाच्या संमतीने आपली मानावी, तेथील झाडांना क्रमांक द्यावेत, दरवर्षी त्याच आठवड्यात त्यांचे घेर मोजावेत आणि त्या नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, एवढे करण्यास डॉलर लागत नाहीत. फीतपट्टी, वही आणि वीस वर्षे चालणारा निश्चय लागतो. या तिहींतील शेवटची वस्तू आपल्याकडे सर्वांत दुर्मिळ आहे, हे खेदाने कबूल केले पाहिजे.

कोस्टा रिकाच्या साठ वर्षांचे सार इतकेच की, परक्यांसाठी अरण्याचे दार बंद केल्याने ज्ञान वाढत नाही, आणि ते सताड उघडे ठेवून आपण बाजूस उभे राहिल्यानेही ज्ञान आपले होत नाही. पाहुण्याला आत घ्यावे, पण रोजमेळ आपल्या हाती, आपल्या भाषेत आणि आपल्या खर्चाने असावा. पाहुण्याचा देश उद्या आपली थैली आवरती घेईल, तेव्हाही दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी तरी गमबूट चढवून त्याच झाडांपाशी गेले पाहिजे. ते जाणारे पाऊल आपल्या गावातून निघाले, तरच ती शाळा आपली म्हणता येईल.